घरमालकाला समजेल असा कागद द्या

संपादक महाशय,

या पानावर बहुतेक वेळा आपण सण, संतांचे उत्सव, शाळांचे निकाल आणि दफनभूमीच्या जागेचे प्रश्न वाचतो. आज मी मातीच्या भिंतींविषयी आणि सरकारी नोटिशीविषयी लिहिणार आहे. विषय कोरडा वाटेल, पण बेळगाव आणि आसपासच्या खेड्यांत जुन्या घरात राहणाऱ्या कुणालाही तो कोरडा वाटणार नाही. मग ते घर ख्रिस्ती माणसाचं असो, मराठ्याचं असो, लिंगायताचं असो की मुसलमानाचं. पाऊस दारावरचा क्रूस किंवा तोरण बघून येत नाही.

जानेवारीतली गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एक मावशी संध्याकाळी माझ्याकडे आल्या. वय सत्तरीच्या आसपास, नवरा वारलेला, मुलगा आखातात. पदराखालून घडी घातलेला कागद काढला आणि विचारलं, "सर, माझं घर पाडणार काय ओ?"

कागद कन्नडमध्ये होता. मावशींना कन्नड बोलता येतं, बाजारहाट त्यांचा सगळा कन्नडमध्ये चालतो, पण वाचता येत नाही. त्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकल्या. वर शिक्का, खाली सही, मध्ये कलमं. ते बघूनच त्यांनी घाबरून कागद वेलंकणी मातेच्या तसबिरीमागे ठेवून दिला होता. अकरा दिवस तो तिथंच होता. दरम्यान एका एजंटानं "मी बघतो, काळजी करू नका" म्हणून त्यांच्याकडून सहा हजार रुपये नेले होते. पावती नाही, फोन बंद.

नोकरीच्या काळात मला कन्नड शिकावं लागलं, ते आज उपयोगी पडलं. कागद सावकाश दोनदा वाचला. त्यात घर पाडण्याचा अंतिम हुकूम नव्हता. तो तात्पुरता आदेश होता आणि सोबत 'कारणे दाखवा' नोटीस होती. परवानगीशिवाय बांधकाम केलंत असं दिसतं, तुमचं म्हणणं पंधरा दिवसांत लेखी द्या, कागदपत्रं दाखवा, एवढाच त्याचा अर्थ. चार दिवस हातात होते.

घडलं होतं ते असं. पावसाळ्यात मावशींच्या घराची मागची भिंत, जुन्या भेंड्यांची, खालून ओल धरून फुगली आणि एका रात्री बसली. देवाची कृपा, तिकडे कुणी झोपलेलं नव्हतं. नोव्हेंबरात गवंड्यानं सिमेंटच्या ठोकळ्यांची नवी भिंत घातली. "आता खर्च होतोच आहे तर" म्हणून ती चार फूट मागं सरकवली आणि तिथं संडास-बाथरूम काढलं. पडलेली भिंत पुन्हा उभारायला आणि घर मागं वाढवायला कागद लागतो, हे मावशींना माहीत नव्हतं. गवंड्याला माहीत असेल तर तो बोलला नाही.

आम्ही दोघं त्या कार्यालयात गेलो. कार्यालयाचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण असा अनुभव कुठल्याही कार्यालयात येऊ शकतो. तीन खिडक्या फिरल्यावर एका तरुण इंजिनिअरनं खुर्ची दिली, कागद बघितले आणि सरळ बोलला. म्हणाला, "मावशी, आधी येऊन विचारलं असतं तर मी एका कागदावर काढून दिलं असतं, कुठपर्यंत भिंत घ्यायची ते." मावशी म्हणाल्या, "बाळा, कुणाला विचारायचं ते तरी कुणी सांगितलं होतं काय?"

त्या पोराला उत्तर देता आलं नाही. मलाही नाही. या पत्राचं मूळ त्या एका प्रश्नात आहे.

कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही, हे मी चाळीस वर्षं मुलांना नागरिकशास्त्रात शिकवलं. ते खरंच आहे. पण त्याला दुसरी बाजू आहे, ती मी तेव्हा तितक्या जोरात शिकवली नाही. ज्यानं नियम केला, त्यानं तो माणसाला समजेल अशा रीतीनं सांगितलाही पाहिजे. राजपत्रात छापला आणि फलकावर डकवला म्हणजे सांगून झालं असं होत नाही. आपल्या चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं मोठ्यानं पुकारतात, ती उगीच नाही. फलक कोण वाचतो? ऐकलेलं मात्र घरोघर जातं.

आता जिवाची बाजू बघू. २०१९ च्या ऑगस्टमध्ये या जिल्ह्यात जो पाऊस झाला तो आपण विसरलेलो नाही. नदीकाठची गावं पाण्याखाली गेलीच, पण जिथं नदी नाही तिथंही मातीच्या भिंतीची घरं भिजून भिजून बसली. पूर्ण पडलेल्या घरासाठी राज्य सरकारनं पाच लाख रुपये जाहीर केले. त्यानंतर २०२१ च्या ऑक्टोबरात बेळगाव तालुक्यातल्या बडाल अंकलगी गावात पावसानं घर कोसळून सात माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. तेव्हाही नेते आले, मदत जाहीर झाली. मदत मिळाली पाहिजेच, त्याबद्दल वाद नाही. पण घर पडल्यावर लाखांनी पैसे देणाऱ्या व्यवस्थेनं घर पडण्याआधी, मे महिन्यात, दारात येऊन "ही भिंत बघून घ्या" एवढं सांगायची सोय का करू नये?

आणि सांगण्यासारखं किती तरी आहे. मातीच्या भिंतीचा पहिला शत्रू वरचा पाऊस नव्हे, खालची ओल. वळचणीचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडत राहिलं, पन्हळ फुटली, शेजाऱ्यानं जोतं उंच केल्यानं पाणी आपल्याकडे वळलं, की भिंत खालून मऊ होते. वरून ती चांगली दिसते आणि एक दिवस बसते. दुसरी चूक आपण हौसेनं करतो. मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा देतो. दिसायला छान, पण आत शिरलेली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. जुने गवंडी चुन्याचा गिलावा देत, त्यातून भिंत श्वास घेते. तिसरी गोष्ट छपराची. मंगळूरी कौलं काढून वर पत्रा किंवा स्लॅब टाकायचा, आणि खालच्या भिंतीला तो भार झेपेल की नाही हे कुणाला विचारायचंच नाही. या गोष्टी इंजिनिअरला पाच मिनिटांत सांगता येतात. मावशींना त्या पाच मिनिटांची किंमत सहा हजार रुपये पडली, आणि तीही भलत्याच माणसाला द्यावी लागली.

मग नियमांचं. लोकांच्या मनात दोन टोकांच्या समजुती आहेत. काहींना वाटतं, आपल्या मालकीच्या घरात आपण काहीही करावं. काहींना वाटतं, एक कौल बदललं तरी साहेब येईल, म्हणून ते गळकं छप्पर तसंच ठेवतात. दोन्ही चूक. भारतीय मानक ब्यूरोनं काढलेल्या राष्ट्रीय इमारत संहितेत किरकोळ कामांची यादीच आहे, ज्यांना साधारणपणे बांधकाम परवाना लागू नये असं म्हटलं आहे: रंगसफेदी, गिलावा आणि डागडुजी, फरशी बदलणं, कौलं किंवा छपराचं आच्छादन बदलणं, दार-खिडकी काढणं वा बुजवणं, आतलं पार्टिशन. मात्र संहिता ही शिफारस आहे, लागू होतो तो आपल्या गावचा उपविधी. म्हणून विचारणं भागच आहे. पण भिंत मागं सरकवणं, मजला चढवणं, पडलेलं घर नव्यानं उभारणं याला परवानगी लागते, हे शहरातही खरं आणि खेड्यातही खरं.

विचारायचं कुठं, हा आणखी एक घोळ. शहरात महानगरपालिका. कॅम्पमध्ये, जिथं आपली अनेक ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्पिढ्या राहतात, तिथं २००६ च्या कॅन्टोन्मेंट कायद्याखाली कॅन्टोन्मेंट बोर्ड. खेड्यात ग्रामपंचायत, आणि तिथला नमुना ९ व ११. एका रस्त्याच्या अलीकडे एक कार्यालय आणि पलीकडे दुसरं. त्यात आता ए-खाता आणि बी-खाता. २०२५ पासून बी-खाता देण्याची मोहीम निघाली आणि पुष्कळांना वाटलं, आपलं बांधकाम आता अधिकृत झालं. तसं नाही. बी-खाता म्हणजे घराची नोंद झाली, कर लागू झाला. बांधकामाला परवानगी मिळाली असा त्याचा अर्थ होत नाही. हे एक वाक्य जरी कराच्या चलनावर ठळक छापलं तरी किती घरांची फसगत वाचेल!

नोटिशीबद्दलही लोकांना ठाऊक असायला हवं. कर्नाटकच्या १९७६ च्या महानगरपालिका कायद्याचं कलम ३२१ बघा. त्यात आधी तात्पुरता आदेश, त्यासोबत 'कारणे दाखवा' नोटीस, आणि मालकाचं म्हणणं पटलं नाही तरच आदेश कायम, अशा पायऱ्या आहेत. शिवाय १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं साऱ्या देशासाठी निर्देश दिले. नोटीस मिळाल्यापासून किमान पंधरा दिवसांची, किंवा स्थानिक कायद्यात याहून जास्त मुदत असेल तर तेवढी, मुदत दिल्याशिवाय पाडकाम नाही. नोटीस रजिस्टर पोस्टानं पाठवायची आणि इमारतीवर डकवायचीही. नेमकं काय नियमबाह्य आहे, कोणती कागदपत्रं आणायची, सुनावणी कधी, हे त्यात लिहायचं. मालकाला प्रत्यक्ष ऐकून घ्यायचं. शेवटी आदेश झाला तरी स्वतः बांधकाम काढून घ्यायला आणखी पंधरा दिवस. रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्ग, नदी-तलाव अशा सार्वजनिक जागेवरचं अतिक्रमण याला अपवाद आहे. म्हणजे नोटीस ही मुळात बोलावणं आहे. तसबिरीमागे ठेवली तर मात्र ती शिक्षा होते, कारण गप्प बसणाऱ्याच्या बाजूनं कागदावर काहीच राहत नाही.

भाषेबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, आणि ते शांतपणे लिहितो. बेळगावात भाषेचा विषय काढला की लगेच झेंडे निघतात. मला झेंडा नको आहे. कन्नड ही या राज्याची भाषा आहे, ती शिकावी, मी शिकलो, आमची नातवंडं शिकतात. पण सत्तरीतल्या बाईला आता अक्षरओळख करून घे म्हणणं हा काही मार्ग नव्हे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशात जी मान्य संरक्षणं आहेत, त्यात जिल्हा वा त्याखालच्या पातळीवर पंधरा टक्के किंवा जास्त लोक जी भाषा बोलतात, त्या भाषेत महत्त्वाचे नियम व सूचना प्रसिद्ध कराव्यात असं म्हटलेलं आहे. घटनेच्या ३५० व्या कलमानुसार राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत आपली तक्रार लेखी देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. हे झालं कायद्याचं. व्यवहाराचं त्याहून सोपं आहे. "भिंत फुगली असेल तर तिथं झोपू नका" हे वाक्य ज्याला समजायला हवं त्याला समजलं पाहिजे. ते कन्नडमध्ये छापा, त्याखाली मराठीत छापा, उर्दूत छापा. कन्नडचं त्यात काही कमी होत नाही, आणि एखादा जीव वाचतो.

आता आपलंही तपासू. सगळा दोष कार्यालयांवर टाकून मोकळं होणं बरं नव्हे. आपणही "आधी बांधू, मग बघू" म्हणतो. शेजाऱ्याच्या वळचणीची जागा खातो. पावती न घेता एजंटाला पैसे देतो आणि भ्रष्टाचारावर भाषणं करतो. ग्रामसभा भरते तेव्हा घरी टीव्ही बघतो. आपल्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. शाळेची एखादी खोली, चॅपलपुढचा मांडव पत्र्याचा करून टाकणं, या गोष्टी "देवाचं काम आहे, कोण विचारतंय" म्हणून झालेल्या मी पाहिल्या आहेत, आणि तेव्हा मीही बोललो नाही. शाळेची भिंत नियमात नसेल तर तिच्याखाली बसणारी मुलं कुणाची? आपलीच.

कार्यालयांतल्या लोकांची अडचणही दिसते. त्या तरुण इंजिनिअरच्या टेबलावर फायलींचा ढीग होता. त्यानं घरोघर फिरावं असं मी म्हणणार नाही. मी सुचवतो ते कमी खर्चाचं आहे.

पहिलं, एक पानी पत्रक. कोणत्या दुरुस्तीला परवानगी नको, कोणत्या कामाला हवी, अर्ज कुठं, कागद कोणते, फी किती, किती दिवसांत उत्तर. कन्नड, मराठी, उर्दू. एप्रिलमध्ये पाच टक्के सूट मिळते म्हणून निम्मं गाव घरपट्टी भरायला रांगेत असतं. तेव्हाच ते हातात द्या. टपालखर्चही नाही.

दुसरं, प्रत्येक नोटिशीला साध्या भाषेतली चिठ्ठी जोडा. "हा अंतिम आदेश नाही. या तारखेपर्यंत उत्तर द्या. या टेबलावर या वेळेत भेटा. एजंटाची गरज नाही." चार ओळी पुरेत.

तिसरं, महिन्यातला एक ठरलेला दिवस. शहरात वॉर्डात, खेड्यात पंचायतीत, एका इंजिनिअरनं दोन तास बसायचं, फक्त विचारायला आलेल्यांसाठी. विचारायला येणाऱ्यावर त्या दिवशी कारवाई नाही, हे जाहीर करायचं. नाहीतर भीतीनं कुणी येणार नाही. तीन लाखांवर वस्तीच्या शहरांसाठी घटनेत वॉर्ड समित्या सांगितल्या आहेत. त्यांच्या बैठकीला हा विषय कायमचा जोडावा.

चौथं, मे महिन्यात जुन्या भिंतींची पाहणी. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आपल्याच बेळगावात आहे, इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत. शिक्षकांच्या देखरेखीखाली मुलांनी गल्लीगल्लीत फिरून धोक्याच्या भिंतींची नोंद करावी. मुलांना शिकायला मिळेल आणि म्हाताऱ्या माणसांना कळेल.

पाचवं, गवंडी-मेस्त्रींना बोलवा. घरमालक अधिकाऱ्याकडे जायच्या आधी गवंड्याकडे जातो. त्याला नियम कळला तर निम्मं काम झालं.

आणि शेवटचं काम आपलं. मे महिन्याचे तीन रविवार मिस्सेनंतरच्या सूचनांत फादरांनी हे वाचून दाखवावं, लग्नाचे पुकार वाचतात तसं. देवळात, मशिदीत, भजनी मंडळात, महिला बचत गटात तिथल्या जाणत्यांनी सांगावं. आमच्यासारखे निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत. दुपारी पेपर वाचून झाला की आम्हांला काम नसतं. कुणाला कागद आला तर वाचून दाखवणं, उत्तर लिहून देणं, सोबत जाणं, एवढं आम्ही सहज करू. आमच्या पॅरिशमध्ये मी सुरुवात केली आहे. रविवारी मिस्सेनंतर हॉलच्या कोपऱ्यात तासभर बसतो. आतापर्यंत जे आले त्यात आपले लोक कमी आणि शेजारी जास्त, आणि त्याचा मला आनंदच आहे.

मावशींचं काय झालं ते सांगून संपवतो. त्यांनी मुदतीत लेखी उत्तर दिलं. अर्धा पान, मराठीत आणि सोबत कन्नड भाषांतर. सुनावणी झाली. मागच्या बाजूला सोडायची जागा कमी पडत होती, म्हणून बाथरूमची बाहेरची भिंत दोन फूट आत घ्यावी लागली, आणि बाकीच्या बांधकामासाठी रीतसर अर्ज केला. दंडाची पावती मिळाली. एजंटाचे सहा हजार गेले ते गेले. भिंत पाडून पुन्हा घालायला मुलानं पैसे पाठवले. घर उभं आहे.

परवा त्यांनी मला विचारलं, "सर, पुढची भिंतपण जुनीच की. पावसाच्या आधी कुणाला दाखवू?"

प्रश्न तोच, पण आता त्या तो आधी विचारायला लागल्या आहेत. त्यांना एक पत्ता, एक दिवस आणि एक वेळ सांगता यावी, एवढीच माझी आपल्या लोकप्रतिनिधींना आणि अधिकाऱ्यांना विनंती आहे. मे फार लांब नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, बेळगाव